पोट बरं नाही

बाटल्यांच्या कारखान्याच्या मागच्या फाटकासमोर मावशीची जेवणाची गाडी होती. गाडी आपली म्हणायला. चाकं कधीच जमिनीत रुतून बसली होती, ती हलवायची तर सोबत रस्ताही उचलावा लागला असता. वर पत्रा, समोर तीन लांब बाकडी, दोन शेगड्या. एकीवर कालवण, दुसरीवर भात, बाजूला पावांची टोपली. साडेबाराचा भोंगा वाजला की फाटक उघडायचं आणि माणसांचा असा लोंढा यायचा की मावशीला मान वर करायला फुरसत नसे. कोण आलं ते तिला हातांवरून कळायचं. भाजलेले हात भट्टीवाल्यांचे, कापलेले हात बाटल्या निवडणाऱ्यांचे, आणि स्वच्छ, निळ्या शाईचे हात काटेवाल्या काकांचे.

काटेवाले काका म्हणजे वजनकाट्यावर बसून तीस वर्षं ट्रकांची वजनं घेतलेले गृहस्थ. मावशीहून चांगले बारा वर्षांनी मोठे, पण तेही तिला मावशीच म्हणायचे. एकदा तिनं विचारलंही होतं, "काका, मी तुमची मावशी, मग तुम्ही माझे कोण?" तर म्हणाले, "गिऱ्हाईक. सगळ्यांत जवळचं नातं." नवरा गेल्यावर मावशीनं सात वर्षं ही गाडी एकटीनं ओढली ती असल्याच बोलण्यांच्या जोरावर.

मग दिवस फिरले. लोकांनी काचेतलं प्यायचं सोडलं आणि प्लास्टिकमधलं प्यायला लागले. त्यात चूक कुणाची म्हणायची? बाटली हलकी, फुटत नाही, प्यायली की फेकली. पण कारखान्याच्या तीन भट्ट्यांपैकी एक थंड झाली, वर्षाच्या आत दुसरी झाली, आणि पगारी माणसं एकेक करून रोजंदारीवर आली. कारखान्याचं हे दुखणं मावशीला ऑफिसातल्या साहेबांच्या आधी कळलं होतं. आधी माणसांच्या ताटातलं अंडं गेलं. मग दुसरा पाव गेला. मग जेवणानंतरचा चहा गेला. मग कांदा फुकट असायचा तो माणसं दोनदा मागायला लागली, तेव्हा मावशी मनात म्हणाली, आता काही खरं नाही.

आता कुणी म्हणेल, परवडत नाही तर माणसानं घरून डबा आणावा. अहो, म्हणणाऱ्याच्या बापाचं काय जातं? त्या फाटकावर डबा आणणारा म्हणजे एक तर नवखा, नाही तर चिक्कू, असा पूर्वापार समज होता. आणि त्याहून मोठी गोष्ट मुकादमाची होती. एक वाजून गेला की मुकादम फाटकातून बाहेर यायचा आणि बाकड्यांवर जेवणाऱ्यांतूनच दुपारच्या पाळीची माणसं निवडायचा. "तू, तू, आणि तो कोपऱ्यातला." बाकड्यावर नसलेला माणूस मुकादमाच्या लेखी मेलेला. आणि पुढ्यात ताट नसेल तर बाकड्यावर बसायचं कुठल्या तोंडानं? म्हणजे काम मिळवायचं तर जेवायला हवं, आणि जेवायचं तर काम हवं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

त्यातून वाट काढली काकांनीच. ट्रक कमी झाले, मग वजनकाट्यावर वेगळा माणूस कशाला? काका घरी बसले, पण साडेबाराला न चुकता बाकड्यावर हजर. एक दिवस हलक्या आवाजात म्हणाले, "मावशी, आज जरा पोट बरं नाही. थोडंच वाढा." तिनं थोडं वाढलं, थोड्याचे पैसे घेतले. दुसऱ्या दिवशीही पोट बरं नव्हतं. तिसऱ्या दिवशी मावशीच्या डोक्यात उजेड पडला, आणि ती काही न विचारता म्हणाली, "मग पथ्याचं देऊ का?"

पथ्याचं म्हणजे काय, तर तेच कालवण, पाणी घालून वाढवलेलं, त्यात पावाचे उरलेले तुकडे बुडवलेले. पैसे निम्म्याहून कमी. पण ताट तेच, बाकडं तेच, आणि मुकादमाच्या नजरेला जेवणारा माणूस तोही तसाच. दोन आठवड्यांत बाटल्या निवडणाऱ्यांची पोटं बिघडली. महिन्याभरात भट्टीवाल्यांची बिघडली. शेवटी मावशीला पथ्याचं पातेलं वेगळं चढवावं लागलं. एकदा बाहेरगावचा एक ट्रकवाला जेवायला बसला आणि शेजारीपाजारी सगळ्यांचं बोलणं ऐकून घाबरून म्हणाला, "इथलं पाणी वाईट आहे का हो?" त्यावर बाकडीच्या बाकडी पोट धरून हसली. सगळ्यांत जास्त हसले ते पथ्यावरचे.

नियम कुणी लिहिले नव्हते, पण पाळत सगळे होते. "पोट बरं नाही" म्हणणाऱ्याला काय होतंय म्हणून विचारायचं नाही. औषध सुचवायचं नाही. शेजाऱ्यानं आपल्या ताटात बघायचं. कुणी पोटावर हात ठेवून जरा कण्हायचा, कुणी तोंड वाकडं करायचा. सोंग चांगलं वठलं तर मावशी मनातल्या मनात दाद द्यायची आणि पळीभर जास्त वाढायची. "खरंच हो मावशी, खरंच बरं नाही," असंही म्हणायचे. खरंच तर सगळेच म्हणायचे. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि एवढ्या माणसांची मूठ आपल्या गाडीवर झाकलेली राहते याचा मावशीला अभिमान होता. तो खोटा नव्हता. पोटाला घालणारे पुष्कळ असतात, पण लाज राखून पोटाला घालणारा एखादाच.

आणि अशात तिच्या पाठच्या भावाचं पोट खरोखरच दुखायला लागलं.

हा धाकटा म्हणजे मावशीनं कडेवर वागवलेला. आई लवकर गेली, तेव्हा मावशी अकरा वर्षांची होती आणि हा दीडाचा. आता तो भट्टीवर साचे बदलायचा, पाण्याच्या टाकीमागे एक खोली भाड्यानं घेऊन राहायचा. दुसरी भट्टी बंद झाल्यावर तोही रोजंदारीवर आला होता, आणि बायको तान्ह्या मुलीला घेऊन दोन महिन्यांसाठी म्हणून माहेरी गेली होती. जेवायला रोज बहिणीच्याच गाडीवर, पण फुकट एक घास नाही. "ताई, गाडी तुझी, पोट माझं," म्हणायचा आणि पैसे ताटाखाली सरकवायचा. एवढी सगळ्यांची पोटं बिघडली तरी यानं ते शब्द कधी उच्चारले नव्हते. मावशी रोज वाट बघायची, आज म्हणेल, उद्या म्हणेल. हा पोटाला चिमटा घेईल पण ताईपुढे हात पसरणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि त्यानं तिचा जीव तुटायचा.

सोमवारी तो बाकड्याच्या टोकाला बसला आणि म्हणाला, "ताई, आज पोट बरं नाही."

मावशी मनात म्हणाली, आली बाबा, याचीही पाळी आली. तिला रडू फुटायच्या बेतात होतं, आणि खोटं कशाला बोला, आत कुठं तरी बरंही वाटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा धाकट्यानं तिच्याकडे काही मागितलं होतं. ती म्हणाली, "बरं, बरं." आणि पथ्याच्या पातेल्याकडे वळलीसुद्धा नाही. भात, वर कालवण, त्यात मुद्दाम तळाचे मोठे तुकडे, दोन पाव आणि अंडं. कित्येक महिन्यांनी त्या बाकड्यावर कुणाच्या ताटात अंडं दिसलं.

"एवढं नको गं. मला जाणार नाही."

"जाईल."

"ताई, कसंतरी होतंय. बेंबीपाशी ओढल्यासारखं..."

"कळलं मला," मावशी खाली वाकून हळूच म्हणाली. "सगळं सांगायची गरज नाही. लोक बसलेत. तू जेव."

लोक खरंच बसले होते आणि नियमाप्रमाणे आपापल्या ताटात बघत होते. धाकट्यानं बहिणीकडे पाहिलं. ती पाणावलेल्या डोळ्यांनी समोर उभी होती, आणि तिनं वाढलेलं टाकायची त्याची लहानपणापासून टाप नव्हती. त्यानं अर्धं ताट कसंबसं संपवलं. पैशांसाठी खिशाकडे गेलेला त्याचा हात तिनं वरच्या वर अडवला. मुकादम आला तेव्हा पाठ ताठ करून बसला, आणि त्याचा नंबर लागला.

मंगळवारी आला तो ओणवा चालत. चेहरा पिठासारखा पांढरा, कपाळावर घाम. मावशीनं पाहिलं आणि तिच्या मनानं पहिला हिशेब काय केला असेल? की कालपासून हा उपाशी आहे. "ताई, खरंच बरं नाही. रात्रभर दुखत होतं. आता इथं दुखतंय," आणि त्यानं उजव्या कुशीत खाली हात दाबला. शेजारी बसलेल्या निवडणाऱ्या बाईनं चटकन तोंड फिरवलं. काकांनी पावाचा तुकडा फार लक्ष देऊन मोडला. सोंग इतकं चांगलं वठत नाही हे एकाच्याही ध्यानात आलं नाही, असं कसं झालं? पण झालं खरं. जो तो दुसऱ्याची लाज झाकण्यात गढलेला होता.

"बस," मावशी म्हणाली. "गरम गरम खा, बरं वाटेल."

"उलटी होईल गं."

"रिकाम्या पोटाला होतेच. दोन घास गेले की थांबेल. माझी शपथ आहे तुला."

शपथ घातली बघा. मोठ्या बहिणीची शपथ. त्यानं चार घास खाल्ले, उठून गाडीमागे गेला आणि सगळं ओकला. मावशीनं तोंड धुवायला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला, आणि संध्याकाळसाठी डबा भरून त्याच्या हातात कोंबला. "लाजू नकोस रे माझ्यापाशी," ती म्हणाली. तो काही तरी बोलायला गेला, पण तेवढ्यात मुकादमाची शिट्टी ऐकू आली आणि तो डबा घेऊन तसाच बाकड्याकडे परतला. त्या दिवशी त्याला घेतलं नाही. मुकादम म्हणाला, "आधी जरा जेवत जा नीट."

बुधवारी मात्र धाकट्याला बरं वाटत होतं. दुखणं एकाएकी ओसरलं होतं. अंगात कणकण होती, पण चालताना वाकावं लागत नव्हतं. त्यानं निम्मं ताट खाल्लं. मावशी इतकी खूश झाली की काकांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "बघा, पोट भरलं की पोट बरं होतं." काका हसले. धाकटाही हसला. आत काय फुटलं होतं आणि दुखणं का थांबलं होतं, हे ठाऊक असायला तिथं डॉक्टर कोण बसला होता?

गुरुवारी तो आला नाही. मावशीनं दोनदा रस्त्याकडे पाहिलं. साडेबारा, एक, सव्वा. खोली दहा मिनिटांच्या वाटेवर. जावं का? पण तिला वाटलं, तीन दिवस फुकट जेवला, आज लाजला असेल. लाजलेल्या माणसाच्या दारात जाऊन उभं राहणं म्हणजे त्याच्या जखमेवर मीठ चोळणं. ज्याची मूठ झाकलेली आहे त्याची मूठ उघडायला आपण जायचं नाही, हा तर तिच्याच गाडीचा नियम. ती गेली नाही. या एका गोष्टीसाठी तिनं पुढं स्वतःला जेवढं कोसलं तेवढं कुणी वैऱ्यालाही कोसणार नाही.

शुक्रवारी सकाळी तिनं उतरवायला घेतलेली पावांची टोपली बाकड्यावर टाकली. शेगडी तशीच ठेवून ती निघाली. खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. धाकटा भिंतीकडे तोंड करून गुडघे पोटाशी घेऊन पडला होता, अंग तव्यासारखं तापलेलं, ओठांना चिरा. मंगळवारचा डबा उशाशी होता, झाकण न उघडलेला. तिनं त्याचा सदरा वर केला. पोट फळीसारखं घट्ट झालं होतं. बोट लावलं तर तो असा ओरडला की शेजारची माणसं धावून आली. हातगाडीवर घालून त्याला हॉस्पिटलात नेलं. मावशी हातगाडीच्या बाजूनं पळत होती, आणि वाटेत जो भेटेल त्याला सांगत होती, "पोट बरं नाही त्याचं, पोट बरं नाही." लोक नजर खाली वळवून बाजूला होत होते.

डॉक्टरीण तरुण होती. तिनं पोट दाबून पाहिलं, झटकन हात सोडून पाहिलं आणि नर्सला काही तरी सांगितलं. मग मावशीकडे वळली. "अपेंडिक्स फुटलंय. दोन दिवस तरी झाले असावेत, सगळ्या पोटात पू झालाय. दुखायला कधी लागलं?"

"सोमवारी."

"सोमवारी? आणि आज शुक्रवार. यानं कुणाला सांगितलं नाही?"

"नाही," मावशी म्हणाली. पाठच्या भावाच्या खाटेपाशी उभं राहून ती खोटं बोलली, आणि तो ऐकत होता.

ऑपरेशन झालं. शनिवारी त्याला थोडी शुद्ध आली. नाकात नळी, हाताला सुई, तोंडानं पाण्याचा थेंब द्यायचा नाही. तोंडाला पाणी नाही आणि ही आयुष्यभर माणसांना वाढून वाढून थकलेली बाई, ओला कापूस घेऊन त्याच्या ओठांवरून फिरवत बसली. मग तिला राहवलं नाही. "अरे, नीट सांगायचंस ना मला. ओरडायचंस. माझा हात धरून ओढायचंस."

"सांगितलं ना, ताई." आवाजात राग असता तर तिनं तो पदरात बांधून घेतला असता. राग नव्हता. लहानपणी ताईचा हिशेब चुकला की समजावून सांगायचा तसं तो सांगत होता. "तू म्हणालीस, कळलं."

"मला वाटलं..."

"मला माहीत आहे तुला काय वाटलं. नंतर माझ्याही लक्षात आलं. पण मग वाटलं, एवढ्या लोकांत कसं म्हणायचं, की माझ्याकडे पैसे आहेत, माझं खरंच दुखतंय? बाकीच्यांना काय वाटलं असतं?"

एवढं बोलून तो दमला. सोमवारी दुपारी तो गेला. डॉक्टरीण चांगली होती, मावशीपाशी बसून म्हणाली, "खाण्यानं नाही झालं हे. उशिरानं झालं. स्वतःला लावून घेऊ नका." मावशीनं मान हलवली. उशीर कुणी केला हे तिला कुणी सांगायला नको होतं. धाकट्याची बायको मुलीला घेऊन पोचली, तेव्हा तिनंही तेच विचारलं, "ताई, कुणापाशी काही बोलले नाहीत का हो ते?" मावशीनं तिच्या मांडीवरची मुलगी उचलून घेतली आणि तिच्या झबल्यात तोंड लपवलं.

काही दिवसांनी गाडी पुन्हा उघडली. उघडावीच लागते, हातावर पोट असणाऱ्याला दुःखाला सुट्टी कुठली. सगळे आले. त्या दिवशी पुष्कळांनी पूर्ण ताट घेतलं, परवडत नसताना घेतलं. त्यांना तेवढंच करता येण्यासारखं होतं. दोन दिवस असे गेले. तिसऱ्या दिवशी काटेवाले काका बाकड्यावर बसले, घसा खाकरला आणि हलक्या आवाजात म्हणाले, "मावशी, आज जरा पोट बरं नाही."

मावशीनं पळी खाली ठेवली.

"कुठं दुखतंय?"

काकांना वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. "नाही हो, असंच जरा. पथ्याचं द्या."

"कुठं दुखतंय ते सांगा, काका. बेंबीपाशी की खाली उजवीकडे? कधीपासून? उलटी झाली का?"

सगळं बाकडं थिजलं. माणसं आपल्या ताटात बघत होती, पण आता ताटात बघून भागणार नव्हतं. काका गोरेमोरे झाले. तीस वर्षं शर्टाच्या खिशात पेन लावून बसलेला माणूस, पन्नास जणांसमोर काय सांगणार? त्यांनी खालच्या मानेनं खोट्यात आणखी एक पाऊल पुढं टाकलं, आणि तिथंच फसले. "दुखतंय जरा," ते म्हणाले. "खरंच दुखतंय."

झालं. मावशी गाडीबाहेर आली आणि तिनं काकांचा दंड धरला. "उठा. दवाखान्यात चला."

"अहो मावशी, काय हे, संध्याकाळपर्यंत बरं वाटेल."

"बरं वाटतं ना, तेव्हाच फुटलेलं असतं. उठा म्हणते ना."

कालवण शेगडीवर रटरटत राहिलं. पन्नास माणसांनी पाहिलं, मावशी काटेवाल्या काकांना हाताला धरून रस्त्यानं ओढत नेते आहे. काका दोनदा थांबले, दोनदा म्हणाले, "सोडा हो, माणसं बघतात." ती म्हणाली, "बघू देत." तिचे डोळे ठिकाणावर नव्हते. तिला काकांचा दंड हाताला लागत होता की धाकट्याचा, देव जाणे. कुणी मधे पडलं नाही. मधे पडायचं तर काकांचं खरं काय ते बोलावं लागलं असतं, आणि ते कोण बोलणार?

हॉस्पिटलात तीच डॉक्टरीण होती. मावशीला ओळखून ती लगेच उठली. लांबलचक खोली, दोन्ही बाजूंना खाटा, मधे पडदा नाही. काकांना आडवं केलं, त्यांचा इस्त्रीचा शर्ट वर सारला. आत बनियनला तीन ठिकाणी रफू होतं. डॉक्टरीण दाबून विचारत होती. इथं दुखतं? नाही. इथं? नाही. हात सोडल्यावर? नाही. मावशी वरून सांगत होती, "खाली दाबा, अजून खाली, नीट दाबा."

"आजोबा, मग होतंय तरी काय तुम्हाला?"

काकांनी मावशीकडे पाहिलं. सुटका नव्हती. "भूक," ते म्हणाले.

"भूक लागत नाही का? कधीपासून?"

"लागते," काका म्हणाले. "तेच होतंय."

शेजारच्या खाटेवरचा माणूस पाणी पिता पिता थांबला. डॉक्टरिणीनं शर्ट हळूच खाली केला आणि उगीचच कागदावर काही तरी लिहीत राहिली. मावशी दोन्ही हात तोंडावर घेऊन खाटेच्या कडेला मटकन बसली. काकांनी स्वतःच उठून बटणं लावली, केस सारखे केले, आणि दोघं बाहेर आले.

"काका," पायऱ्यांवर ती म्हणाली, "मग तिथंच सांगायचं ना हो, पैसे नाहीत म्हणून. मी काय नाही म्हटलं असतं?"

"मावशी, ते सांगायला लागू नये म्हणून तर आम्ही तुमच्याकडे येत होतो."

त्यांनी तिला हात जोडले. खरोखरच जोडले, त्यात टोमणा नव्हता. आणि गाडीकडे न जाता ते उलट्या दिशेनं घरी गेले.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. पथ्यावरचं दुसरंही कुणी आलं नाही. मावशीनं पथ्याचं पातेलं चढवून ठेवलं होतं, ते संध्याकाळी ओतून द्यावं लागलं. बाकड्यांवर आता पूर्ण ताटवाले दहाबारा जण बसतात. बाकीचे समोरच्या भिंतीला टेकून मुकादमाची वाट बघत उभे असतात, आणि मुकादमही आताशा भिंतीपाशी जाऊन माणसं निवडतो. मावशी हातात पळी घेऊन रस्त्याच्या कडेपर्यंत येते. "या रे," ती म्हणते, "पैशांचं नंतर बघू. जेवून घ्या."

"जेवून आलोय, मावशी," भिंतीपाशी उभे असलेले सगळे सांगतात. एकाचा चेहरा फार पांढरा दिसतो, एकानं कुशीत हात दाबून धरलेला असतो. कुणाचं खरंच दुखतंय हे विचारायची तिची आता छाती होत नाही.